गट साखळीतील अखेरचे सामने : गुणतक्ता, गोलफरक आणि हिहोनचा धडा

प्रस्तावना

विश्वचषक फुटबॉल स्पर्धा पाहताना एक गोष्ट लक्षात येते. गटातले पहिले चार सामने वेगवेगळ्या वेळी होतात, पण शेवटचे दोन सामने नेमके एकाच मिनिटाला सुरू होतात. दोन शहरांत, दोन मैदानांवर, चार संघ एकाच वेळी खेळतात. टीव्ही वाहिन्यांच्या दृष्टीने ही व्यवस्था तोट्याची आहे, कारण प्रेक्षकाला एका वेळी एकच सामना नीट पाहता येतो. तरीही १९८६ पासून विश्वचषकात हा नियम कटाक्षाने पाळला जातो.

हा नियम का आला, त्याने कोणता प्रश्न सुटला आणि कोणता सुटला नाही, हे या पाठात पाहायचे आहे. त्यासाठी आधी साखळी गटाचे साधे अंकगणित समजून घेऊ. नंतर १९८२ सालच्या एका गटाचा तपशीलवार अभ्यास करू. शेवटी १९९४ ते २०२६ पर्यंतच्या काही उदाहरणांवर तेच गणित लावून पाहू. त्यांत भारताच्या संघाचेही एक उदाहरण आहे. बेरीज-वजाबाकीपलीकडचे गणित यात लागणार नाही.

१. साखळी आणि बाद : दोन पद्धती

कोणत्याही स्पर्धेत विजेता ठरवण्याच्या दोन मूळ पद्धती आहेत. बाद पद्धतीत हरलेला संघ घरी जातो. ३२ संघ असतील तर अंतिम विजेता ठरायला केवळ ३१ सामने लागतात. पण एखादा चांगला संघ एका वाईट दिवशी हरला की त्याची स्पर्धा तिथेच संपते. साखळी पद्धतीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो. ती अधिक न्याय्य वाटते, पण ३२ संघांच्या संपूर्ण साखळीला ४९६ सामने लागतील. महिनाभराच्या स्पर्धेत ते शक्य नाही.

म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते. ३२ संघांचे चार-चारांचे ८ गट करायचे, गटात साखळी खेळवायची, प्रत्येक गटातून २ संघ पुढे न्यायचे आणि तिथून बाद फेरी सुरू करायची. १९९८ ते २०२२ या काळातले सर्व पुरुष विश्वचषक याच पद्धतीने झाले. गटांचे ४८ आणि बाद फेरीचे १६, असे एकूण ६४ सामने.

ही सांगड सुरुवातीपासून स्थिर नव्हती. १९३० च्या पहिल्या स्पर्धेत १३ संघांचे चार गट होते. १९३४ आणि १९३८ मध्ये सरळ बाद पद्धत होती. १९५० मध्ये ब्राझीलला गट पुन्हा आले. त्या वेळी स्वीडन, इटली आणि पॅराग्वे यांच्या गटात भारताचेही नाव होते, पण आपला संघ तिथे गेला नाही आणि तो गट तिघांचाच राहिला.

साखळीचा फायदा असा, की एका पराभवाने सगळे संपत नाही. २०२२ मध्ये अर्जेंटिना पहिलाच सामना सौदी अरेबियाकडून १–२ असा हरला आणि तरीही विश्वविजेता झाला. पण याच फायद्याच्या पोटात एक दोष आहे. साखळीत आपले भवितव्य दुसऱ्यांच्या सामन्यावरही ठरू शकते. बाद फेरीत असे कधीच होत नाही.

२. चार संघांच्या गटाचे अंकगणित

चार संघांच्या गटात ६ सामने होतात. प्रत्येक सामन्याचे तीन निकाल शक्य आहेत : एकाचा विजय, दुसऱ्याचा विजय किंवा बरोबरी. म्हणजे गटाचे एकूण ३ × ३ × ३ × ३ × ३ × ३ = ७२९ निकालसंच संभवतात.

विजयाला ३, बरोबरीला प्रत्येकी १ आणि पराभवाला ० गुण, असे धरू. निकाली सामन्यातून एकूण ३ गुण वाटले जातात, बरोबरीतून २. त्यामुळे गटातल्या चारही संघांच्या गुणांची बेरीज कमीत कमी १२ (सर्व बरोबरी) आणि जास्तीत जास्त १८ (सर्व निकाली) असते. एवढ्या एका माहितीवरून पुष्कळ प्रश्न सुटतात.

*प्रश्न : ७ गुण मिळवणारा संघ गटात तिसरा येऊ शकतो का?* तिसरा येण्यासाठी तीन संघांना किमान ७ गुण हवेत, म्हणजे बेरीज २१. पण गटात १८ पेक्षा जास्त गुण नाहीतच. म्हणून ७ गुण म्हणजे पुढच्या फेरीची खात्री.

*प्रश्न : ६ गुण मिळवूनही संघ बाहेर पडू शकतो का?* हो. तीन संघांनी चौथ्याला हरवले आणि आपसात अ ने ब ला, ब ने क ला, क ने अ ला हरवले, तर तिघांचेही ६ गुण होतात. एकाला जावेच लागते.

*प्रश्न : २ गुणांवर पुढे जाता येते का?* तेही शक्य आहे. एका संघाने तिन्ही सामने जिंकले आणि उरलेल्या तिघांनी आपसातले सामने बरोबरीत सोडवले, तर तिघांचे २-२ गुण होतात आणि त्यांतला एक दुसऱ्या क्रमांकाने पुढे जातो.

यातले दुसरे उत्तर लक्षात ठेवा. दोन सामने जिंकूनही बाहेर पडण्याची वेळ येणे ही केवळ कागदावरची शक्यता नाही. एका संघावर ती खरोखर आली.

३. बरोबरी कशी फोडतात?

गुण समान झाले की क्रम लावायला दुय्यम निकष लागतात. क्रिकेट पाहणाऱ्यांना नेट रनरेट माहीत असतो. फुटबॉलमध्ये त्या जागी गोलफरक असतो : केलेले गोल वजा स्वीकारलेले गोल.

या निकषांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात गटातल्या सर्व सामन्यांचा गोलफरक आधी पाहतात. तोही समान असेल तर केलेले एकूण गोल पाहतात आणि मग आपसातला सामना. २०२२ पर्यंतच्या अनेक विश्वचषकांत हाच क्रम होता. दुसऱ्या प्रकारात समान गुण असलेल्या संघांचे आपसातले सामने आधी पाहतात. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत हा क्रम वापरतात.

हे निकष किती बारीक होऊ शकतात, याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९९४ च्या अमेरिकेतील विश्वचषकाचा ई गट. मेक्सिको, आयर्लंड, इटली आणि नॉर्वे या चारही संघांचे प्रत्येकी ४ गुण झाले आणि चौघांचाही गोलफरक शून्य! मेक्सिकोने ३ गोल केले होते म्हणून तो पहिला. आयर्लंड आणि इटलीचे २-२ गोल होते, पण आयर्लंडने इटलीला १–० असे हरवले होते म्हणून तो दुसरा. नॉर्वेचा एकच गोल, म्हणून तो चौथा आणि बाहेर. इटली त्या वेळच्या नियमाने सर्वोत्तम तिसऱ्या संघांपैकी एक म्हणून निसटत्या फरकाने पुढे गेला आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

सगळे निकष संपले तर चिठ्ठी टाकतात. १९९० मध्ये आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचे गुण, गोल आणि आपसातला सामना सगळेच सारखे निघाले, तेव्हा दुसरा-तिसरा क्रमांक सोडतीने ठरला. दोघेही पुढे जाणार होते, त्यामुळे कुणावर फारसा अन्याय झाला नाही. तरी तिसऱ्या ठरलेल्या नेदरलँड्सच्या वाट्याला पश्चिम जर्मनी आला आणि तिथे त्याची स्पर्धा संपली.

४. हिहोन, २५ जून १९८२

आता मुख्य उदाहरणाकडे वळू. १९८२ चा विश्वचषक स्पेनमध्ये झाला. २४ संघ, सहा गट, प्रत्येक गटातून दोन संघ पुढे. विजयाला तेव्हा २ गुण होते. दुसऱ्या गटात पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रिया, अल्जीरिया आणि चिली होते. सामने हिहोन आणि ओव्हिएदो या जवळजवळच्या दोन शहरांत होते.

अल्जीरिया प्रथमच विश्वचषकात खेळत होता. १६ जूनला त्याने युरोपीय विजेत्या पश्चिम जर्मनीला २–१ असे हरवले. माजेरने पहिला गोल केला, रुमेनिगेने बरोबरी साधली आणि लगेच पुढच्याच मिनिटाला बेलूमीने दुसरा गोल केला. आफ्रिकन संघाने विश्वचषकात युरोपीय संघाला हरवण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढच्या सामन्यात ऑस्ट्रियाने अल्जीरियाला २–० असे हरवले. २४ जूनला ओव्हिएदोत अल्जीरियाने चिलीला ३–२ असे नमवले आणि त्याचे तिन्ही सामने संपले. दोन विजय, एक पराभव.

जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा सामना दुसऱ्या दिवशी होता. त्या सकाळी तक्ता असा होता :

| संघ | सामने | गुण | केलेले गोल | स्वीकारलेले गोल | गोलफरक |
|---|---|---|---|---|---|
| ऑस्ट्रिया | २ | ४ | ३ | ० | +३ |
| अल्जीरिया | ३ | ४ | ५ | ५ | ० |
| पश्चिम जर्मनी | २ | २ | ५ | ३ | +२ |
| चिली | ३ | ० | ३ | ८ | –५ |

उरलेल्या एका सामन्याचे निकाल आणि त्यांचे परिणाम मांडून पाहू :

| सामन्याचा निकाल | पुढे जाणारे | बाहेर पडणारा |
|---|---|---|
| ऑस्ट्रियाचा विजय किंवा बरोबरी | ऑस्ट्रिया, अल्जीरिया | पश्चिम जर्मनी |
| जर्मनीचा १ किंवा २ गोलांनी विजय | जर्मनी, ऑस्ट्रिया | अल्जीरिया |
| जर्मनीचा ३–० असा विजय | जर्मनी, अल्जीरिया | ऑस्ट्रिया |
| जर्मनीचा ४ किंवा अधिक गोलांनी विजय | जर्मनी, अल्जीरिया | ऑस्ट्रिया |

मधली ओळ पुन्हा वाचा. जर्मनी एक किंवा दोन गोलांनी जिंकला तर मैदानावरचे दोन्ही संघ पुढे जातात आणि जो संघ मैदानावर नाही तो बाहेर पडतो. हा तक्ता त्या सकाळी कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन मांडता आला असता.

दहाव्या मिनिटाच्या सुमारास हृबेशने जर्मनीचा गोल केला. १–०. त्यानंतर ऐंशी मिनिटे जवळजवळ काहीच घडले नाही. चेंडू आपल्याच बचावफळीत फिरत राहिला, गोलरक्षकाकडे परत जात राहिला. दोन्ही बाजूंनी प्रतिस्पर्ध्यावर धावून जाणे थांबले. एल मोलिनोन मैदानातील स्पॅनिश प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या. अल्जीरियाच्या पाठीराख्यांनी हातातल्या नोटा खेळाडूंना दाखवल्या. ऑस्ट्रियाच्या दूरचित्रवाणीवरील समालोचकाने प्रेक्षकांना टीव्ही बंद करा असे सांगितले. हिहोनच्या एका दैनिकाने सामन्याचा वृत्तान्त क्रीडा पानाऐवजी गुन्हेवृत्तांच्या पानावर छापला.

सामना १–० असाच संपला. जर्मनी ४ गुण, +३. ऑस्ट्रिया ४ गुण, +२. अल्जीरिया ४ गुण, ०. अल्जीरियाने निषेध नोंदवला. फिफाने तो फेटाळला, कारण कोणत्याही नियमाचा भंग झाला नव्हता. आक्रमण न करणे हा फुटबॉलमध्ये गुन्हा नाही.

५. संगनमत की केवळ हिशेब?

या सामन्याआधी दोन्ही संघांनी बोलणी केली होती का, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. पण आपल्या अभ्यासासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे : बोलणी करण्याची गरजच नव्हती.

ऑस्ट्रियाच्या बाजूने विचार करा. आपण ०–१ ने मागे आहोत, पण पुढे जात आहोत. आक्रमण केले तर काय मिळेल? गटात पहिला क्रमांक. धोका काय? पाठीमागे मोकळी जागा सुटेल, जर्मनी आणखी दोन गोल करील आणि आपण बाहेर. आता जर्मनीच्या बाजूने पाहा. आपण १–० ने पुढे आहोत आणि पुढे जात आहोत. आणखी गोल केला तर हाती नवे काही लागत नाही. पण आक्रमणाच्या भरात एक गोल स्वीकारला तर बरोबरी, आणि बरोबरी म्हणजे आपण बाहेर. दोघांनाही स्वतंत्रपणे एकच उत्तर मिळते : थांबा.

अर्थशास्त्रात अशा स्थितीला समतोल म्हणतात. दुसरा जसा वागतो आहे तसा वागत राहिला, तर आपले वागणे बदलून कोणाचाच फायदा होत नाही. असा समतोल शब्दाविना, करारावाचून साधतो. म्हणून ‘त्यांनी ठरवले होते का?’ यापेक्षा ‘असे वागणे फायद्याचे ठरेल अशी परिस्थिती स्पर्धेच्या रचनेने का निर्माण केली?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. खेळाडूंना दोष देऊन भागत नाही. वेळापत्रक आखणाऱ्यांनाही उत्तर द्यावे लागते.

६. कोणता नियम बदलला असता तर अल्जीरिया वाचला असता?

इथे तीन शक्यता तपासून पाहू.

*(अ) विजयाला ३ गुण.* जर्मनी, ऑस्ट्रिया आणि अल्जीरिया यांनी प्रत्येकी दोन सामने जिंकले आणि एक हरला. २ गुणांच्या पद्धतीत तिघांचे ४-४, ३ गुणांच्या पद्धतीत तिघांचे ६-६. क्रमात काहीही फरक नाही. विश्वचषकात ३ गुण १९९४ पासून आले. त्याने आक्रमक खेळाला उत्तेजन मिळाले असेल, पण हिहोनचा प्रश्न त्याने सुटला नसता.

*(आ) आपसातले सामने आधी.* चिलीचे सामने वगळून तिघांचाच तक्ता करू. ऑस्ट्रिया : २ गोल केले, १ स्वीकारला, +१. जर्मनी : २ केले, २ स्वीकारले, ०. अल्जीरिया : २ केले, ३ स्वीकारले, –१. अल्जीरिया याही पद्धतीने तिसराच.

*(इ) दोन्ही सामने एकाच वेळी.* इथे मात्र चित्र पालटते. ओव्हिएदोत मध्यंतराला अल्जीरिया चिलीविरुद्ध ३–० ने पुढे होता. चिलीचे दोन्ही गोल दुसऱ्या सत्रातले. मध्यंतराच्या त्या क्षणी अल्जीरियाचा हिशेब होता ५ गोल केले, ३ स्वीकारले, म्हणजे +२. जर त्याच वेळी हिहोनमध्ये जर्मनी १–० ने पुढे असता, तर ऑस्ट्रियाचाही गोलफरक +२ झाला असता. समान गुण, समान गोलफरक. मग केलेले गोल पाहायचे : अल्जीरिया ५, ऑस्ट्रिया ३. म्हणजे मध्यंतराला ऑस्ट्रिया *बाहेर* असता! दुसऱ्या सत्रात त्याला गोल करायला धावावेच लागले असते, निदान ओव्हिएदोहून चिलीच्या गोलांची बातमी येईपर्यंत.

यावरून निष्कर्ष स्पष्ट आहे. दोष गुणपद्धतीत नव्हता की निकषांच्या क्रमातही नव्हता. दोष माहितीत होता. दोन संघांना तिसऱ्याचा अंतिम आकडा सामन्याआधी ठाऊक होता आणि तिसऱ्याला त्यावर काही करण्याची संधी उरली नव्हती.

चार वर्षांपूर्वीच अशी एक सूचना मिळाली होती. १९७८ मध्ये अर्जेंटिनात दुसऱ्या गटफेरीचा शेवटचा दिवस होता. ब्राझीलने पोलंडला ३–१ हरवले, तो सामना आधी झाला. त्यामुळे रोसारिओत उतरताना अर्जेंटिनाला पेरूविरुद्ध किती गोल हवेत हे नेमके माहीत होते : किमान चार गोलांच्या फरकाने विजय. अर्जेंटिना ६–० ने जिंकला आणि अंतिम फेरीत गेला. त्या सामन्याविषयी आजही शंका घेतल्या जातात. शंका खऱ्या असोत वा नसोत, वेळापत्रकाने एका संघाला जी सवलत दिली होती ती दुसऱ्याला नव्हती, एवढे निश्चित.

हिहोननंतर मात्र नियम बदलला. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकापासून प्रत्येक गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी होऊ लागले.

७. एकाच वेळी खेळवूनही उरणारे प्रश्न

या नियमाने अनिश्चितता परत आणली, पण सगळी नाही. दोन उदाहरणे पाहू.

*युरो २००४, क गट.* शेवटच्या फेरीआधी स्वीडन आणि डेन्मार्क यांचे ४-४ गुण होते, इटलीचे २. इटलीने बल्गेरियाला हरवले असते तर त्याचे ५ गुण झाले असते. स्वीडन–डेन्मार्क बरोबरी झाली तर त्यांचेही ५-५. मग आपसातले सामने : तिघांमधले सगळे सामने बरोबरीचे, म्हणून आपसातले गुण आणि गोलफरक समान. उरतात ते आपसातले केलेले गोल. इटलीचा इथे एकच गोल होता. म्हणजे स्वीडन–डेन्मार्क सामना २–२ किंवा त्याहून मोठ्या बरोबरीत सुटला तर इटलीने बल्गेरियाला कितीही गोलांनी हरवले तरी तो बाहेर. आणि सामना खरोखरच २–२ सुटला, बरोबरीचा गोल ८९ व्या मिनिटाला झाला. दोन्ही सामने एकाच वेळी चालू होते, तरी उपयोग झाला नाही, कारण इटलीच्या त्या दिवशीच्या गोलांना या हिशेबात जागाच नव्हती. गैरप्रकार झाल्याचे सिद्ध झाले नाही. पण आपसातले सामने आधी पाहण्याच्या पद्धतीची ही किंमत लक्षात ठेवावी लागते.

*विश्वचषक २०१८, एच गट.* जपान पोलंडविरुद्ध ०–१ ने मागे होता. त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर कोलंबियाने सेनेगलविरुद्ध ७४ व्या मिनिटाला गोल केला. आता जपान आणि सेनेगल यांचे गुण ४-४, केलेले गोल ४-४, स्वीकारलेले गोल ४-४ आणि आपसातला सामना २–२. सगळे समान. तेव्हा शिस्तीचा निकष लागू झाला : जपानला ४ पिवळी कार्डे, सेनेगलला ६. प्रशिक्षक निशिनो यांनी संघाला थांबायला सांगितले. हरत असलेला संघ शेवटची दहा मिनिटे आपल्याच अर्ध्या भागात चेंडू फिरवत राहिला. फरक इतकाच, की ऑस्ट्रियाला निकाल माहीत होता आणि जपानने जुगार खेळला होता. सेनेगलने एक गोल केला असता तर जपान बाहेर पडला असता.

याच नियमाने खेळात जान कशी येते तेही पाहायला हवे. १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये ई गटाचे शेवटचे सामने चालू होते. जपान स्पेनविरुद्ध २–१ ने पुढे असतानाच कोस्टारिकाने जर्मनीविरुद्ध २–१ अशी आघाडी घेतली. त्या तीन मिनिटांपुरते स्पेन आणि जर्मनी हे दोन माजी विश्वविजेते एकदमच स्पर्धेबाहेर होते. नंतर जर्मनीने सामना ४–२ ने जिंकला, पण गोलफरकावर स्पेन पुढे आणि जर्मनी बाहेर. स्पेनने पहिल्या सामन्यात कोस्टारिकाला ७–० ने हरवले होते, ते शेवटच्या दिवशी कामी आले.

८. भारताचे एक्याण्णवावे मिनिट

आशियाई चषक २०१९, संयुक्त अरब अमिराती. अ गटात यजमान अमिराती, थायलंड, बहरीन आणि भारत. भारताने पहिल्या सामन्यात थायलंडला ४–१ असे हरवले, सुनील छेत्रीने दोन गोल केले. दुसऱ्या सामन्यात अमिरातीकडून ०–२ पराभव. १४ जानेवारीला शारजामध्ये बहरीनशी शेवटचा सामना होता. त्याच वेळी अमिराती आणि थायलंड खेळत होते.

नव्वद मिनिटे संपली तेव्हा शारजात ०–० आणि दुसरीकडे १–१ होते. त्या क्षणीचे गुण : अमिराती ५, भारत ४, थायलंड ४, बहरीन २. भारताने थायलंडला हरवले असल्याने भारत *दुसरा*, म्हणजे थेट बाद फेरीत.

जादा वेळेच्या पहिल्याच मिनिटाला बहरीनला पेनल्टी मिळाली आणि गोल झाला. आता गुण : अमिराती ५, थायलंड ४, बहरीन ४, भारत ३. भारत दुसऱ्या क्रमांकावरून *चौथ्या* क्रमांकावर गेला. त्या स्पर्धेत सहा गटांतले चार सर्वोत्तम तिसरे संघही पुढे जाणार होते, पण चौथ्याला तीही वाट नव्हती. एका किकने दोन पायऱ्या खाली. साखळी गटातल्या एका गोलाचे वजन किती असू शकते, हे समजायला दूर जायला नको.

९. तीनांचे गट, बारा गट आणि २०२६

विश्वचषक ४८ संघांचा करण्याचे ठरले तेव्हा फिफाने २०१७ मध्ये तीन-तीन संघांचे १६ गट मान्य केले होते. यातली अडचण आता तुमच्या लगेच लक्षात येईल. तीन संघांच्या गटात शेवटच्या सामन्यात दोन संघ खेळतात आणि तिसरा *नेहमीच* बाहेर बसलेला असतो. जी स्थिती अल्जीरियावर वेळापत्रकामुळे आली, ती इथे प्रत्येक गटात रचनेनेच आली असती. एकाच वेळी खेळवण्याचा उपायही तिथे चालत नाही, कारण खेळवायला दुसरा सामनाच नसतो. मार्च २०२३ मध्ये फिफाने तो आराखडा मागे घेतला. त्याऐवजी चार-चारांचे १२ गट, प्रत्येकातले पहिले दोन आणि आठ सर्वोत्तम तिसरे संघ अशा ३२ संघांची बाद फेरी आणि एकूण १०४ सामने, असे ठरले.

पण ‘सर्वोत्तम तिसरे’ या शब्दांत जुनी अडचण नव्या रूपाने शिरते. एकाच वेळी खेळण्याचा नियम गटापुरता आहे. सगळ्या गटांचे शेवटचे सामने एकाच दिवशी होत नाहीत. आधी संपलेल्या गटातला तिसरा संघ हॉटेलात बसून दिवस मोजतो, आणि शेवटच्या गटातल्या संघांना किती गुण व किती गोलफरक पुरेल हे आधीच कळलेले असते. या पद्धतीत कमी मागूनही पुढे जाता येते. युरो २०१६ मध्ये पोर्तुगालने गटातले तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, ३ गुणांवर तिसरा आला आणि पुढे विजेता झाला.

सारांश

- चार संघांच्या गटात ७ गुणांवर दोन जागांतली एक निश्चित असते. ६ गुणांवर ती निश्चित नसते.
- गुणपद्धत आणि निकषांचा क्रम यांनी स्पर्धेचा कल बदलतो. पण १९८२ च्या गटात यांतल्या कशानेही निकाल बदलला नसता.
- तिथे निर्णायक ठरली ती माहिती. कोणाला काय, कधी माहीत होते, हा स्पर्धेच्या रचनेतला कळीचा प्रश्न आहे.
- शेवटचे सामने एकाच वेळी खेळवल्याने गटातली विषमता बरीच कमी होते. गटागटांमधली विषमता मात्र राहते.

हाच विचार फुटबॉलबाहेरही लागू पडतो. लिलावात बंद पाकिटे एकाच वेळी का उघडतात, किंवा देशभर अनेक टप्प्यांत मतदान होत असताना शेवटचा टप्पा संपेपर्यंत मतदानोत्तर अंदाज जाहीर करायला मनाई का असते, यामागेही हेच तत्त्व आहे : नंतर निर्णय घेणाऱ्याला आधीच्यांच्या आकड्यांचा अवाजवी फायदा मिळू नये आणि आधी खेळलेला संघ असहाय्य प्रेक्षक होऊ नये.

स्वतः सोडवून पाहा

१. विजयाला ३ गुण असताना चार संघांच्या गटात १ गुण मिळवून दुसरा क्रमांक मिळू शकतो का? (सूचना : उरलेल्या तीन संघांच्या आपसातल्या तीन सामन्यांतून कमीत कमी किती गुण वाटले जातात ते पाहा.)

२. १९८२ च्या गटात जर्मनीने ऑस्ट्रियाला ६–३ असे हरवले असते तर कोण पुढे गेले असते? ३–० आणि ६–३ या दोन्ही निकालांत फरक तीनच गोलांचा असूनही उत्तर वेगळे का येते?

३. आपल्या महाविद्यालयातल्या आंतरविभागीय स्पर्धेत पाच संघ आहेत आणि मैदान एकच आहे. शेवटच्या दिवशी कोणत्याही संघाला अल्जीरियाची वेळ येऊ नये यासाठी वेळापत्रक आणि निकष कसे ठेवाल? पूर्ण उपाय सापडला नाही, तर अन्याय कमीत कमी कोणत्या पद्धतीत होतो ते आकड्यांनिशी दाखवा.